वॉक-इन शॉवर स्वतः बांधताना : आधी पाण्याची वाट ठरवा

उंबरा नाही, दार नाही, फक्त एक काच आणि सलग फरशी, असा शॉवर घरच्या घरी बांधण्याबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांची सुरुवात टाइलपासून होते. आम्ही उत्तरं जाळीच्या खालून सुरू केली आहेत. अशा शॉवरमध्ये पाणी अडवायला कड नसते, त्यामुळे ते कुठे जाईल हे ढाळ आणि टाइलखालचा थर ठरवतात. टाइल लावल्यावर त्या दोन्हींत दुरुस्ती करता येत नाही.

प्रश्न : बाथरूमच्या कोपऱ्यात १२०० × ९०० मिमी जागा मोकळी आहे. टाइल पसंत करून झाल्या. काम कुठून सुरू करू? जोडून आलेल्या सुट्यांत उरकेल का?

उत्तर : जागा पुरेशी आहे. ९०० × ९०० मिमीपेक्षा लहान जागेत उघडा शॉवर करू नका, पाणी बाहेर उडतंच. सुट्यांचं गणित मात्र सोडून द्या. हाताचं काम पाच-सहा दिवसांचं असतं, पण मधले थर वाळायला वेळ लागतो. दोन ते तीन आठवडे आंघोळीची सोय दुसरीकडे लावा आणि मगच जुनी फरशी उखडा.

पहिलं माप न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे जाळीखालच्या, पाणी साठवून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्याचं. शॉवरचा पाइप मुख्य सांडपाण्याच्या पाइपला जिथे मिळतो, तिथपासून ट्रॅपच्या जागेपर्यंत टेप लावा. ५० मिमीच्या पाइपला १:४० उतार हवा. अंतर २ मीटर असेल तर ट्रॅपकडचं टोक ५० मिमी वर येतं. त्यात पाइपचा व्यास मिळवला की १०० मिमी खोली नुसत्या पाइपनेच खाल्ली. वर कोबा, मेम्ब्रेन (ब्रशने लावायचा, पाणी अडवणारा थर), चिकटवणी आणि टाइल आहेतच. ही बेरीज कागदावर मांडा आणि उपलब्ध खोलीशी ताडून बघा.

खोली कमी पडली तर ट्रॅप मुख्य पाइपच्या जवळ सरकवणं सगळ्यांत चांगलं. ते जमत नसेल तर कमी उंचीचा ट्रॅप मिळतो. पण नेहमीच्या ट्रॅपमध्ये वास अडवणारं पाणी ५० मिमी खोल साचतं आणि बुटक्या ट्रॅपमध्ये ते ३० मिमीपर्यंत उतरू शकतं, हे लक्षात ठेवून घ्या. तेही नाही जमलं तर शॉवरची फरशी एका पायरीने उचला. स्लॅब खरवडून खोली काढायचा विचार मनातसुद्धा आणू नका. सळई उघडी पडली की प्रश्न बाथरूमचा न राहता इमारतीचा होतो.

ट्रॅप विकत घेण्याआधी एक सोपी मोजणी करा. बसवणार आहात त्याच शॉवरखाली, नाहीतर सध्याच्या शॉवरखाली, १० लिटरची बादली धरा आणि घड्याळ बघा. ५० सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला १२ लिटर. ट्रॅपवर लिहिलेली क्षमता याच्या दीडपट तरी हवी, कारण केस अडकले की ती भराभर घटते. डोक्यावरचा मोठा शॉवर आणि हातातला शॉवर एकदम चालणार असतील तर दोघांची बेरीज धरा.

प्रश्न : ढाळ नेमका किती? जाळी मध्ये चौकोनी घ्यावी की भिंतीलगत लांब चॅनल? कोबा स्वतः घालता येईल का?

उत्तर : १:५० धरा, म्हणजे दर मीटरला २० मिमी. १:८० वरसुद्धा पाणी निघतं, पण मग कोब्यात दोन-तीन मिलिमीटरची चूकही खपत नाही, लगेच डबकं होतं. उलट १:३० च्या पुढे गेलात तर उतार पायाला जाणवतो आणि साबणाच्या पाण्यात पाऊल सरकतं.

मध्यभागी जाळी घेतली तर फरशीला चार उतार लागतात. ९०० × ९०० च्या चौकोनात कोपऱ्यापासून मध्य सुमारे ६३६ मिमी दूर, म्हणून कोपरा १३ मिमी उंच हवा. आता भिंतीलगतची सगळी कड एकाच पातळीत ठेवायची, तर कडेच्या मध्यावरही तेच १३ मिमी येतात, पण तिथलं अंतर ४५० मिमीच आहे. म्हणजे तिथे ढाळ १:३५ होतो. चालतो, पण तो तसा होणार हे आधी माहीत असावं. अनेक जण उलटं करतात : कडेच्या मध्यापासून १:५० मोजतात, आणि मग कोपऱ्यांत पाणी थांबतं.

हाताला सवय नसेल तर चॅनल घ्या, असं आम्ही स्पष्टच सांगू. चॅनल ९०० मिमीच्या भिंतीलगत टाकलं की १२०० मिमी लांबीत एकच सरळ उतार, चढ २४ मिमी. चॅनल आतल्या भिंतीकडे आणि प्रवेश समोरच्या, उंच बाजूने. काही जण चॅनल प्रवेशाच्या रेषेवर टाकतात. तिथे ते तुंबलं तर पाणी थेट बाथरूमभर होतं. आतल्या भिंतीशी तुंबलं तर पाणी पायाशी चढतं आणि तुम्हाला ते दिसतं.

कोबा घालता येतो. १:४ चा माल, चॅनलपाशी ४० मिमी जाड, प्रवेशाकडे ६४ मिमी. या मापाला सुमारे २१ किलो सिमेंट आणि ६० लिटर वाळू लागते. पाणी जपून घाला. मूठभर माल दाबल्यावर गोळा धरला पाहिजे, पण बोटांमधून पाणी सुटता कामा नये. ओला माल पसरायला सोपा जातो म्हणून मोह होतो, पण तो वाळताना आक्रसतो आणि भिंतीपासून सुटतो.

उतार डोळ्यांनी साधत नाही. १२०० मिमी लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या घ्या. एका टोकाला ४० आणि दुसऱ्या टोकाला ६४ मिमी उंची येईल अशा तिरक्या कापा. जमीन झाडून, भिजवून, सिमेंटची पातळ रबडी ब्रशने घासून लावा आणि ती ओली असतानाच पट्ट्या दोन्ही बाजूंना मालात पाणसळीत बसवा. पट्ट्या सपाट पायावरच बसल्या पाहिजेत. खालचा स्लॅब स्वतःच एकीकडे कलला असेल तर तुमचा सगळा हिशेब कलतो. मधे माल भरून कुटा आणि पट्ट्यांवरून सरळ पाटा ओढा. मग पट्ट्या काढून त्या फटी भरा. वरून लाकडी रंधा फिरवा. लोखंडी थापीने काचेसारखं घोटू नका, मेम्ब्रेनला पकडायला खरखर लागते.

दुसऱ्या दिवसापासून सात दिवस ओलं ठेवा. त्यानंतर मगभर पाणी उंच बाजूला ओता आणि वाकून बघा. कुठे पाणी रेंगाळलं तर तिथे पेन्सिलीने गोल करा आणि दुरुस्ती आत्ताच करा. ‘चिकटवणीने भरून काढू’ म्हणून पुढे गेलात की टाइल बसवताना पुन्हा तिथेच अडता.

प्रश्न : वॉटरप्रूफ ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरायचा माल) आणि वॉटरप्रूफ चिकटवणी दोन्ही मिळतात. शिवाय आमच्याकडे स्लॅबवर, कोब्याखाली, जुनं वॉटरप्रूफिंग आहे. मग आणखी मेम्ब्रेन कशाला?

उत्तर : डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ असतं याचा अर्थ तो माल पाण्यात टिकतो. पाणी त्याच्या पलीकडे जात नाही, असा नव्हे. सिमेंटचा ग्राउट पाणी पितो. एपॉक्सी ग्राउट पीत नाही, पण टाइलची कड आणि ग्राउट यांच्यामध्ये केसाएवढी भेग पडायला इमारतीची नेहमीची हालचाल पुरते. रोज आंघोळ म्हटल्यावर तेवढ्या भेगेतून बरंच पाणी उतरतं.

कोब्याखालचा थर स्लॅब वाचवतो, शॉवर वाचवत नाही. टाइलमधून उतरलेलं पाणी त्या थरावर थांबतं आणि कोबा ओल्या स्पंजासारखा भरून राहतो. मग वास येतो, ग्राउट काळा पडतो आणि शॉवरबाहेरच्या भिंतीला फूटभर उंचीपर्यंत पोपडे येतात. तो थर असू द्या, पण मेम्ब्रेन टाइलच्या लगेच खाली, कोब्याच्या वर हवा.

क्षेत्र असं धरा : शॉवरच्या दोन्ही भिंती २१०० मिमीपर्यंत, बाथरूमच्या बाकी भिंती ३०० मिमीपर्यंत, आणि जमीन सगळी. शॉवरपुरती नाही. उंबरा नसल्यामुळे पाणी बाहेर येणारच. दारापाशी मेम्ब्रेन चौकटीच्या तळाला वर वळवून संपवा, नाहीतर तिथून ते शेजारच्या खोलीच्या फरशीखाली शिरतं.

आता क्रम. प्रायमर, मग कोपरे, मग पाइपची तोंडं आणि चॅनल, आणि शेवटी मोकळी जागा. भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यात १०० ते १२० मिमी रुंदीची लवचिक सीलिंग टेप पहिल्या ओल्या थरात दाबून बसवा. गच्चीवर घालतात तसा मोठा वाटा (कोपऱ्यातली मालाची गोलाई) इथे घालू नका, टाइल कोपऱ्यात भिडत नाही. मिक्सर (गार-गरम पाणी मिसळणारा नळ) आणि इतर नळांच्या तोंडाभोवती रबरी कॉलर. पहिला हात आडवा, दुसरा उभा, आणि दोन हातांना दोन रंगांचा माल मिळाला तर जरूर घ्या : सुटलेली जागा लगेच ओरडून सांगते.

सर्वांत जास्त गळती होते ती चॅनलच्या किंवा ट्रॅपच्या कडेशी, कारण मेम्ब्रेन सिमेंटला धरते पण गुळगुळीत प्लास्टिकला धरत नाही. ट्रॅपची पसरट कड सँडपेपरने खरखरीत करा. चॅनल स्टीलचं असेल तर तेलकटपणा स्पिरिटने पुसा. सोबत मिळणारी कापडी कॉलर दोन थरांच्या मध्ये पूर्ण बुडवा. कॉलरखाली हवा राहिली तर तिथे फुगा दिसतो. तो कापून पुन्हा भरा, वरून रंगवून झाकू नका.

जाडी डोळ्यांना कळत नाही, वजनाला कळते. तुमच्या शॉवरची जमीन आणि दोन भिंती मिळून साधारण ५.५ चौरस मीटर होतात. डब्यावर दोन हातांसाठी चौरस मीटरला १.५ किलो लिहिलं असेल तर सव्वाआठ किलो माल संपला पाहिजे. डब्यात दोन किलो उरले असतील तर तुम्ही काटकसर केलेली नाही, थर पातळ पडला आहे. तिसरा हात मारा.

प्रश्न : पाणी भरून चाचणी किती वेळ घ्यायची? उंबराच नाही तर पाणी साठवायचं कसं?

उत्तर : मेम्ब्रेन डब्यावर सांगितल्याइतकी मुरली की किमान २४ तास, जमल्यास ४८. प्रवेशाच्या आणि काचेच्या रेषेवर लाकडी पट्टी सिलिकॉनने चिकटवून तात्पुरता बांध करा. ट्रॅपमध्ये फुगवायचा चाचणी-बुच बसवा. कापडाचा बोळा विश्वासाचा नाही, रात्रीतून सैल होतो आणि सकाळी गळती मेम्ब्रेनची की बोळ्याची हे कळत नाही. सगळ्यांत उथळ जागी २५ मिमी पाणी होईल इतकं भरा आणि भिंतीवर पातळीला पेन्सिलीची बारीक रेघ मारा.

शेजारी एका बादलीतही पाणी भरून तशीच रेघ मारा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे पातळी सारखीच उतरली असेल तर ती वाफ. शॉवरमध्ये जास्त उतरली असेल तर गळती आहे. मग पाणी थोडं थोडं कमी करत जा. पातळी ज्या उंचीला स्थिर होते, दोष त्याच उंचीच्या रेषेवर सापडतो. खाली कुणी राहत असेल तर छताकडे बघण्याची त्यांना आधीच विनंती करा.

प्रश्न : मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल शॉवरच्या जमिनीवर चालतील का? आणि सिमेंटची रबडी लावून बसवल्या तर?

उत्तर : एकाच उतारावर, म्हणजे चॅनल असेल तर, मोठ्या टाइल चालतात. चार उतारांवर नाही, कारण सपाट टाइल मोडल्याशिवाय वळत नाही. तिथे ५० ते १०० मिमीच्या लहान टाइल घ्या. लहान टाइलचा आणखी एक फायदा म्हणजे सांधे जास्त येतात आणि पायाला पकड मिळते. घसरण्याबद्दल खोक्यावर ‘आर १०’ किंवा ‘आर ११’ असतं, पण ती चाचणी बूट घालून घेतात. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी असे वेगळे वर्ग आहेत, ते डीआयएन ५१०९७ या जर्मन मानकातून आले. शॉवरला ‘बी’ बघा.

रबडी नको. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यांहून कमी पाणी शोषते. नुसत्या सिमेंटला तिच्यात शिरकावच मिळत नाही, आणि काही महिन्यांत टाइल पोकळ वाजू लागते. पॉलिमर मिसळलेली, ‘सी २’ वर्गाची चिकटवणी घ्या. कालवून पाच मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा, मग वापरा. दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या, आणि दर दहा-बारा टाइलमागे एक उचलून पाठ बघा. पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली हवी. खोलगट कोरडे पट्टे दिसले तर त्यांतच पाणी साठणार. पसरलेल्या चिकटवणीला बोट लावा. बोटाला काही लागलं नाही तर वर साय धरली आहे. ती खरवडून टाका. पाणी शिंपडून जिवंत करायला जाऊ नका.

सांधे ३ मिमीचे. ग्राउट एक दिवसानंतर. भिंत आणि जमीन, भिंत आणि भिंत जिथे मिळतात तिथे ग्राउट भरू नका, तिथे बुरशीरोधक सिलिकॉन. त्या कोपऱ्यांत हालचाल होते, ग्राउट तडकतोच. एपॉक्सी ग्राउट घेणार असाल तर एका वेळी चौरस मीटरभरच भरा आणि लगेच पुसा. टाइलवर वाळलेला थर काढताना टाइलच ओरखडतात.

प्रश्न : काच केवढी आणि किती जाड? ती आत्ताच मागवून ठेवू का?

उत्तर : मागवू नका. टाइल लागल्यावर वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मापं घ्या, ओळंबा लावून भिंत किती झुकली आहे ते बघा, मगच मागवा. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. ५ मिमीचा फरक पडला तर ती फुकट गेली.

तुमच्या मापाला काच १२०० मिमीच्या उघड्या बाजूने, चॅनलच्या भिंतीपासून सुरू होऊन प्रवेशाकडे संपेल. २००० मिमी उंच आणि १० मिमी जाड घेतली तर वजन ६० किलो : मिमी जाडीला चौरस मीटरमागे २.५ किलो. दोन माणसं आणि चोषक पकडी लागतात. काचेचा कोपरा फरशीवर टेकवू नका. कडक काच मधे मार सोसते, पण कोपऱ्याला टाइलचा नुसता टोला बसला तरी क्षणात तिचा चुरा होतो. खाली लाकडाचे ठोकळे ठेवा.

एक जागा नीट समजून घ्या. शॉवरची जमीन उतरती आहे, बाहेरची सपाट. त्यामुळे काचेच्या रेषेवर दोन्हींत पाचर पडते : प्रवेशाकडे ०, चॅनलकडे २४ मिमी. काचेचा यू-चॅनल (काचेची कड धरणारी धातूची खोबण) बाहेरच्या सपाट कडेवर बसवा, म्हणजे काचेचा तळ सरळ राहील. पाचरेची उघडी बाजू टाइलच्या निमुळत्या पट्टीने झाका आणि मेम्ब्रेन तिच्यामागून सलग वर न्या. काचेचं मोकळं टोक डुलतं म्हणून वरून समोरच्या भिंतीपर्यंत आधाराची दांडी लागतेच. यू-चॅनलची भोकं शक्यतो भिंतीत घ्या. जमिनीत घ्यावीच लागली तर भोक झटकून त्यात सिलिकॉन पूर्ण भरा आणि मग स्क्रू पिळा. टाइल हिरकणी बिटने, हॅमर बंद ठेवून, पाणी सोडत भोका.

एवढी काच पुरेल का अशी शंका असेल तर जुन्या शॉवरमध्ये दोरीवर त्याच मापाचं प्लास्टिक टांगून दोन दिवस आंघोळ करा आणि बाहेर किती थेंब पडतात ते बघा.

प्रश्न : शॉवर आणि मिक्सर कुठे बसवावेत? टाकीचं पाणी येतं, दाब कमी आहे.

उत्तर : शॉवर लांब भिंतीवर, चॅनलकडच्या अर्ध्या भागात, तोंड काचेकडे. प्रवेशाच्या समोर बसवला तर धार थेट बाहेर येते. मिक्सर मात्र शॉवरच्या खाली नको. त्याच भिंतीवर प्रवेशाकडे सरकवा, १००० ते ११०० मिमी उंचीवर. बाहेर उभं राहून हात घालता आला पाहिजे, म्हणजे सुरुवातीचं गार पाणी अंगावर येत नाही. शॉवरचं तोंड २००० ते २१०० मिमीवर.

दाब उंचीतून मिळतो : टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापेक्षा जितके मीटर वर, तितका दशांश बार. ४ मीटर म्हणजे ०.४ बार. डोक्यावरचे मोठे शॉवर घेताना खोक्यावर किमान किती दाब लिहिला आहे ते वाचा. बऱ्याच मोठ्या शॉवरना १ बारच्या आसपास लागतो. पंप बसवलात तर गार आणि गरम दोन्ही त्याच दाबावर हवेत, नाहीतर मिक्सर मधेच तापतो, मधेच गारठतो.

भिंतीतल्या मिक्सरच्या प्लास्टिक टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या दोन रेघा असतात. गिलावा, चिकटवणी आणि टाइल धरून टाइलचा चेहरा त्या दोन रेघांच्या मध्ये आला पाहिजे. मिक्सर फार खोल गेला तर मूठ बसत नाही, फार वर राहिला तर झाकण भिंतीला टेकत नाही. आणि झिरी बुजवण्याआधी पाइपांना नेहमीच्या दीडपट दाब देऊन काही तास सोडा.

विजेची कामं परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच द्या. आयईसी ६०३६४ मानकाच्या ७०१ व्या भागात बिनउंबऱ्याच्या शॉवरभोवती तोंडापासून १.२ मीटरपर्यंतचा आणि २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग ओला धरला आहे. स्विच आणि सॉकेट त्याच्या बाहेर. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारं ३० मिलिअँपिअरचं गळतीरक्षक हवंच.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी काय जास्तीचं करू?

उत्तर : उंबरा नाही, ही मोठी सोय झालीच. त्याशिवाय बसायला ४३० ते ४८० मिमी उंचीचं आसन, आणि त्याच्या बाजूला ८५० ते ९०० मिमी उंचीवर धरायची दांडी, ३२ ते ३८ मिमी व्यासाची. मूठ पूर्ण वळली पाहिजे. दांडीला माणसाचं सगळं वजन येतं असं धरूनच ती भरीव भिंतीत बसवा. भिंत पोकळ असेल तर टाइल लावण्याआधी आत १८ मिमी प्लायवूडचा आधार घाला आणि त्याची जागा फोटो काढून मापासह लिहून ठेवा. टॉवेलची दांडी धरायच्या दांडीच्या जागी चालत नाही, आणि पडताना हात आपोआप जवळच्या दांडीकडेच जातो, म्हणून टॉवेलची दांडी आसनापासून लांब लावा.

थर्मोस्टॅटिक मिक्सर घ्या आणि त्यावरची ३८ अंशांची मर्यादा चालू ठेवा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि वय झालेल्या माणसाला तेवढ्यात बाजूला होता येत नाही. हातातला शॉवर सरकत्या दांडीवर, बसून पोचेल इतका खाली यायला हवा.

प्रश्न : एक भिंत जिप्सम बोर्डाची आहे. तिच्यावर मेम्ब्रेन मारून टाइल लावू का?

उत्तर : साध्या जिप्सम बोर्डावर नाही. तो भाग उतरवून सिमेंट बोर्ड लावा, सांध्यांवर क्षाररोधक फायबरची जाळी चिकटवणीत दाबा, मग मेम्ब्रेन. बोर्ड जमिनीपासून काही मिमी वर ठेवा, टेकवू नका. टेकलेला बोर्ड खालून पाणी ओढतो.

प्रश्न : वर्षापूर्वी केलेल्या शॉवरच्या मागच्या भिंतीला ओल येते आहे. ग्राउट पुन्हा भरला तर थांबेल का?

उत्तर : महिनाभर थांबल्यासारखं वाटेल. आधी ओल कुठून येते ते शोधा आणि एका वेळी एकच गोष्ट तपासा. तीन दिवस शॉवर पूर्ण बंद ठेवा. तरीही ओल वाढत राहिली तर दाबाखालचा पाइप गळतो आहे. घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा, काटा हलला तर खात्री झाली.

ओल थांबली तर ट्रॅपला बुच लावून फक्त जमिनीवर पाणी भरा, एक दिवस. ओल आली तर दोष जमिनीच्या मेम्ब्रेनमध्ये किंवा ट्रॅपच्या कडेशी. आली नाही तर बुच काढा आणि बादल्यांनी पाणी थेट जाळीत ओता. आता आली तर दोष ट्रॅपच्या खाली, पाइपच्या सांध्यात. तेही कोरडं निघालं तर हातातल्या शॉवरने एकेका भिंतीवर अर्धा तास पाणी सोडा, आधी खाली, मग मिक्सरच्या झाकणाभोवती. भिंतीतल्या मिक्सरची कॉलर विसरलेली असणं हे नेहमीचं कारण, आणि सुदैवाने ते झाकण काढून सिलिकॉनने दुरुस्त होतं. जमिनीचा दोष निघाला तर मात्र टाइल उखडून मेम्ब्रेन नव्याने करण्याशिवाय इलाज नाही. वरून पारदर्शक द्रव फासून वेळ काढला तर तोवर कोबा भिजत राहतो.

प्रश्न : पाहुण्यांच्या खोलीतल्या शॉवरमधून गटाराचा वास येतो. जाळी रोज धुते.

उत्तर : ट्रॅपमधलं पाणी सुकलं आहे. काही आठवडे वापर नसला की तसं होतं, बुटक्या ट्रॅपमध्ये आणखी लवकर. दोन लिटर पाणी ओता, वास जाईल. पुढे आठवड्यातून एकदा ओतत जा. पाणी असूनही वास आला तर आतली टोपली काढून बघा : केस ट्रॅपच्या काठावरून पाइपकडे लोंबत असतील तर वातीसारखे ते पाणी ओढून नेतात. केस काढा, रबरी कडी आपल्या जागी आहे ना ते बोटाने चाचपा आणि टोपली दाबून परत बसवा.